नवा वेबकॅम घेण्याआधी माइक, राउटर आणि दिवा बघा

प्रश्न थोडक्यात असा: काम घरून चालतं, आठवड्याला पाच-सहा व्हिडिओ कॉल ग्राहकांशी किंवा वरिष्ठांशी होतात. चेहरा काळपट दिसतो, समोरचे मधूनच ‘आवाज तुटतोय’, ‘घुमतोय’ म्हणतात, आणि नेट तर १०० एमबीपीएसचं आहे. चांगला वेबकॅम घेतला तर कॉल व्यावसायिक वाटेल का?

वेबकॅमने यातलं जवळपास काहीच सुटणार नाही. मेहनतीचा आणि खर्चाचा क्रम असा लावा: आधी आवाज, मग घरातलं नेटवर्क, मग उजेड, आणि पैसे उरलेच तर कॅमेरा. चित्र पाच सेकंद गोठलं तरी ऐकणाऱ्याचा धागा सुटत नाही. आवाजातला अर्धा सेकंद गेला आणि नेमका ‘नाही’ हा शब्द त्यात गेला, तर वाक्याचा अर्थ उलटतो. घुमणारा आवाज तासभर ऐकणं हे कष्टाचं काम आहे; ऐकणारा दर वेळी तक्रार करत नाही, तो फक्त लक्ष काढून घेतो.

माइकचं अंतर

लॅपटॉपचा माइक तोंडापासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतो. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. भिंतींवर आपटून येणारा आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच असतो. म्हणजे माइक लांब गेला की तुम्ही कमी आणि खोली जास्त ऐकू जाते. ‘घुमतोय’ म्हणतात ते हेच. तोच माइक १५ सेंटिमीटरवर आणला तर थेट आवाज १२ डेसिबलच्या आसपास वाढतो. टेबलावर हातभर लांब ठेवलेल्या महागड्या माइकपेक्षा फोनसोबत मिळणारा तारेचा साधा इअरफोन सरस ठरतो, तो याच हिशेबाने.

तारेच्या इअरफोनला दोन दुखणी असतात. एक, त्याचा माइक तारेवर असल्यामुळे कॉलरला किंवा केसांना घासतो आणि पलीकडे खरखर ऐकू जाते. तार शर्टाला क्लिपने अडकवली की ती थांबते. दोन, जुन्या डेस्कटॉपला माइक आणि हेडफोनची भोकं वेगवेगळी असतात. इअरफोनची एकच पिन तिथे घातली तर ऐकू येतं, पण माइक चालत नाही. त्यासाठी एका पिनचे दोन फाटे करणारी छोटी वायर मिळते. ही कटकट नको असेल तर तोंडापाशी दांडी येणारा यूएसबी हेडसेट घ्या. दांडी अगदी ओठांसमोर ठेवू नका. तोंडाच्या कोपऱ्यापाशी, दोन बोटांच्या अंतरावर ठेवा; नाहीतर प, फ, भ म्हणताना सुटणारी हवा माइकवर आदळते आणि दर वेळी ‘भप्प’ असा धक्का बसतो.

ब्लूटूथबद्दल एक गोष्ट कळली की बरेच गोंधळ आपोआप उलगडतात. गाणी ऐकताना हेडफोन एका पद्धतीने चालतो, ज्यात आवाज एकाच दिशेने आणि चांगल्या दर्जाचा येतो. त्याचा माइक सुरू झाला की तो दुसऱ्या, फोनवर बोलण्यासाठी बनवलेल्या पद्धतीवर जातो. तिथे आवाजाचे नमुने सहसा सेकंदाला ८ किंवा १६ हजारच घेतले जातात, म्हणून कॉल सुरू होताच सगळं डब्यातून बोलल्यासारखं वाटू लागतं. हेडफोन बिघडलेला नसतो. उपाय सोपा आहे: ऐकायला ब्लूटूथ हेडफोन ठेवा आणि अॅपच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा यूएसबीचा माइक निवडा. महत्त्वाच्या कॉलला मात्र तारेचंच घ्या. त्याची बॅटरी संपत नाही, आणि खिशातल्या फोनला तो मध्येच जाऊन जोडला जात नाही.

खोलीत एक टाळी वाजवून बघा. टाळीमागोमाग झणझण ऐकू आली तर ती तुमच्या प्रत्येक शब्दामागे आहे असं समजा. जाड पडदे, सतरंजी, पाठीमागे पुस्तकांचं कपाट, गादी असलेला पलंग यांतलं काहीही कामाला येतं. चारही बाजूंना काच आणि फरशी असलेली चकचकीत खोली दिसायला झकास, पण आवाजाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट.

‘मला माझाच आवाज परत ऐकू येतोय’ ही तक्रार आली की लोक तक्रार करणाऱ्याचा माइक तपासत बसतात. दोष जवळजवळ नेहमी दुसऱ्या टोकाला असतो. ज्याच्या स्पीकरमधून आवाज बाहेर पडून त्याच्याच माइकमध्ये शिरतो, त्याला स्वतःला काहीच कळत नाही. बाकीच्यांना मात्र स्वतःचे शब्द क्षणभराने परत ऐकू येतात. म्हणून एकेकाला म्यूट करत जा. ज्याला म्यूट केल्यावर प्रतिध्वनी थांबला, त्याला हेडफोन घालायला सांगा. एका खोलीत दोन लॅपटॉप एकाच कॉलवर असतील तर शिट्टीसारखा कर्कश आवाज सुटतो. तिथे एकाच लॅपटॉपचा माइक आणि त्याच लॅपटॉपचा स्पीकर चालू ठेवायचा. दुसऱ्याचा नुसता माइक म्यूट करून भागत नाही, त्याचा स्पीकरही बंद करावा लागतो. कारण त्याचा आवाज पहिल्याच्या माइकमध्ये शिरतो.

गोंगाट गाळण्याची सोय आता बहुतेक अॅपमध्ये असते, आणि पंखा किंवा रस्त्याचा आवाज ती छान कापते. पण हेडसेटही गाळतो आणि अॅपही गाळतं, असं दोनदा झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि वाक्यांची शेपटं गिळली जातात. दोन्हींपैकी एक बंद करा. गाणं किंवा वाद्य शिकवत असाल तर ही सोय पूर्ण बंदच हवी, कारण लांबवलेला सूर तिला पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो. झूममध्ये यासाठी मूळ आवाज पाठवण्याचा वेगळा पर्याय आहे.

यातलं काय बिघडलंय हे अंदाजाने ठरवू नका. अॅपमध्ये एकट्याने मीटिंग सुरू करा, रेकॉर्डिंग लावा आणि अर्धा मिनिट असं वापरा: दहा सेकंद नेहमीसारखं बोला, पाच सेकंद गप्प बसा, पाच सेकंद कीबोर्डवर टाइप करत बोला, मग खुर्चीत मागे रेलून एक वाक्य बोला. नंतर हेडफोन लावून ऐका. गप्प बसलेल्या पाच सेकंदांत घरघर हळूहळू चढत गेली तर माइकची पातळी आपोआप वाढवणारी सेटिंग चालू आहे: तुम्ही गप्प झालात की ती आवाज शोधत पंखा उचलते. ती बंद करून पातळी हाताने लावा, बोलताना पट्टी साधारण दोन-तृतीयांशापर्यंत जाईल अशी. मागे रेलल्यावर आवाज एकदम लांब गेला तर माइक अजून जवळ हवा. रेकॉर्डिंगची सोय नसेल तर फोनवरून दुसऱ्या खोलीत त्याच मीटिंगला जोडा आणि घरातल्या कुणाला तरी ऐकायला बसवा.

१०० एमबीपीएस असूनही आवाज का तुटतो

वेग हा मुद्दाच नाही. ७२० रेषांच्या (720p) चित्राच्या दोघांतल्या कॉलला वर आणि खाली सुमारे १.२ एमबीपीएस पुरतात. १०८० रेषांना तीन-चार लागतात. नुसत्या आवाजाला तर १०० केबीपीएस, म्हणजे ०.१ एमबीपीएससुद्धा भरपूर. हवा असतो तो सारखेपणा. आवाज सहसा २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. फाइल उतरवताना एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवता येतं, दोन सेकंद उशिराने आलं तरी चालतं. बोलण्यात उशिरा आलेलं पाकीट हरवल्यातच जमा. वेग मोजणारी साइट दहा-पंधरा सेकंदांची गोळाबेरीज दाखवते. त्यातला पाव सेकंदाचा अडथळा तिच्या आकड्यात दिसत नाही, तुमच्या वाक्यात दिसतो.

उशिराचं गणितही बघा. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. तो ३०० झाला तर तुमचा प्रश्न पोहोचून उत्तर परत यायला ६०० जास्तीचे लागतात. तेवढ्यात तुम्हाला वाटतं समोरचा गप्पच आहे, तुम्ही पुढचं वाक्य सुरू करता, आणि त्याचं उत्तर त्यावर येऊन आदळतं. मग ‘बोला, बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ हा खेळ. यात उद्धट कुणीच नसतं. उशीर आहे हे ओळखून वाक्य संपल्यावर मनात ‘एक’ म्हणून थांबण्याची सवय लावली की निम्म्या टकरा टळतात.

दोष घरात आहे की बाहेर, हे दहा मिनिटांत कळतं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट, मॅकवर टर्मिनल उघडा आणि आधी स्वतःच्या राउटरला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे त्याचा पत्ता टाइप करा आणि एंटर दाबा; उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसत राहतं. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. विंडोजवर पिंग चार वेळांनंतर थांबतं. शेवटी उणे चिन्ह आणि टी लावलं की कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालू राहतं. दोन-तीन मिनिटं आकडे बघत बसा. राउटर शेजारच्या खोलीत आहे. आकडे एक अंकी, फार तर थोडे वर असायला हवेत. मध्येच १५०, ३०० असे उसळत असतील किंवा उत्तरच येत नसेल, तर दोष तुमच्या वाय-फायमध्ये आहे आणि नेट देणाऱ्या कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरपर्यंत सगळं शांत असेल तर बाहेरचा पत्ता घ्या, गूगलचा ८.८.८.८ चालेल. आता आकडे नाचले तर तक्रार कंपनीकडे करा, आणि कोणत्या वेळी नाचतात तेही सांगा. कॉल चालू असताना झूम आणि टीम्स दोन्ही स्वतःचे आकडे दाखवतात. पाकिटांची गळती (packet loss) २ टक्क्यांच्या आत आणि ती येण्याच्या वेळेतला चढउतार (jitter) ४० मिलिसेकंदांच्या आत असेल तर नेटवर्कला दोष देऊ नका.

दोष वाय-फायचा निघाला तर सगळ्यात पक्का उपाय म्हणजे तार. नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात त्याच्या दशांशाने भागतं. लॅपटॉपला ती जागा नसेल तर यूएसबीला लावायचा अडॅप्टर मिळतो. तार अशक्यच असेल तर लॅपटॉप वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोहोचतो खरा, पण त्यावर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह अशी सगळी गर्दी असते. कुणी स्वयंपाकघरात जेवण गरम करायला लावलं की नेमका तेव्हा आवाज तुटतो, तो यामुळेच. ५ चा पट्टा भिंती ओलांडताना लवकर दमतो, म्हणून राउटर आणि तुम्ही यांच्यात एकच भिंत असलेली बरी. राउटर लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला असेल तर आधी तो बाहेर उघड्यावर, उंचावर काढा. याला पैसे लागत नाहीत.

अपलोडकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. फोनमधले फोटो आपोआप वर चढत असतात, लॅपटॉपवरचं फोल्डर क्लाउडशी जुळत असतं, आणि अपलोडची नळी भरली की तुमच्या आवाजाची पाकिटं राउटरमधल्या रांगेत मागे उभी राहतात. तुम्हाला सगळ्यांचं स्वच्छ ऐकू येतंय आणि तुमचंच कुणाला ऐकू जात नाही, अशी एकतर्फी तक्रार असली तर संशय आधी इथे घ्या. कॉलच्या वेळेपुरतं हे सगळं थांबवा. ऑफिसचं व्हीपीएन (सगळं नेट ऑफिसच्या नेटवर्कमधून नेणारी जोडणी) गरजेचं नसेल तर तेही काढा. त्यामुळे पाकिटं उगाच वळसा घालून जातात.

हाताशी दुसरी वाट असू द्या. फोनचा हॉटस्पॉट आधी एकदा जोडून, पासवर्ड लॅपटॉपमध्ये साठवून ठेवा. शक्य असेल तर वाय-फायऐवजी यूएसबीच्या तारेने जोडा, म्हणजे फोन चार्जही होत राहतो. ७२० रेषांचा तासभराचा कॉल जाऊन-येऊन साधारण १ जीबी डेटा खातो, हेही लक्षात असू द्या.

उजेड

चेहरा काळपट दिसण्याचं कारण कॅमेरा नसतो, पाठीमागची खिडकी असते. कॅमेरा सगळ्या चित्राचा सरासरी उजेड धरतो. मागे लख्ख खिडकी असली की तो एकूण चित्र अंधारं करतो आणि त्यात तुमचा चेहरा बुडतो. टेबल फिरवा. खिडकी समोर किंवा समोरून थोडी बाजूला आली की अर्धं काम झालं. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा लावा.

रात्रीसाठी एक टेबल-लॅम्प पुरतो. तो थेट चेहऱ्यावर मारलात तर कपाळ चमकतं आणि नाकाची सावली गालावर पडते. त्याऐवजी लॅपटॉपच्या मागे पांढरी भिंत असेल तर दिव्याचं तोंड त्या भिंतीकडे वळवा. परतून येणारा उजेड मऊ असतो. भिंत नसेल तर दिवा डोळ्यांपेक्षा थोडा वर आणि एका बाजूला ४५ अंशांवर ठेवून त्यापुढे बटर पेपर धरा. एलईडी असेल तरच. जुन्या तापणाऱ्या बल्बपुढे कागद लावायचा नाही. चष्मा असेल तर दिवा आणखी वर आणि बाजूला सरकवा, स्क्रीनचा उजेड कमी करा, आणि चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलून काचा थोड्या खाली झुकवा. काचेतली पांढरी चौकट गेली की डोळे दिसू लागतात.

एका बाजूला पिवळा बल्ब आणि दुसऱ्या बाजूला पांढरी ट्यूब असेल तर कॅमेऱ्याला खरा पांढरा रंग कोणता ते ठरवता येत नाही आणि अर्धा चेहरा निळसर दिसतो. एकाच रंगाचे दिवे लावा. चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर किंवा पॉवर लाइन असा पर्याय शोधा आणि तुमच्याकडची वीज ५० हर्ट्झची असेल तर ५०, ६०ची असेल तर ६० ठेवा.

अंधाराचा परिणाम चित्राच्या गतीवरही होतो, हे कमी जणांना ठाऊक असतं. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्र टिपायला जास्त वेळ घेतो, सेकंदाला ३०ची १५ चित्रं होतात, आणि हात हलवला की फराटा दिसतो. वर अंधारातले दाणे चित्रात येतात. ते दर चित्रात बदलत असल्यामुळे पाठवण्यासाठी चित्र नीट दाबून लहान (कॉम्प्रेस) करता येत नाही आणि तेवढाच डेटा वापरूनही चेहरा पुसट जातो. लोक याला ‘नेट स्लो आहे’ म्हणतात. दिवा लावून बघा.

कॅमेरा आणि मागची बाजू

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. टेबलावरचा लॅपटॉप खालून वर बघतो, म्हणजे समोरच्याला नाकपुड्या आणि छत दिसतं. खाली १५-२० सेंटिमीटर जाडीचे पुस्तकांचे गठ्ठे ठेवा आणि टाइप करायचं असेल तर वेगळा कीबोर्ड घ्या. चेहरा कॅमेऱ्यापासून ६०-७० सेंटिमीटरवर, डोळे चित्राच्या वरच्या तिसऱ्या भागात, डोक्यावर दोन बोटं जागा, खाली छातीपर्यंत. फार जवळ बसलात तर नाक मोठं दिसतं, तो रुंद भिंगाचा गुण आहे. आणि भिंग पुसा. बोटांचा तेलकट ठसा असला तर सगळं धुक्यात दिसतं. मऊ कापडाने दोनदा फिरवलं की झालं.

नजरेसाठी समोरच्याच्या चित्राची खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली, मधोमध आणून ठेवा. ऐकताना त्याचा चेहरा बघा. महत्त्वाचं वाक्य बोलताना भिंगाकडे बघा. पूर्ण वेळ भिंगाकडे टक लावून बसायची गरज नाही, ते विचित्रच दिसतं. स्वतःचं चित्र एकदा तपासून लपवून टाका. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली अशा कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली, त्यांत सतत स्वतःला बघत राहणं हे एक होतं.

खोटा बॅकग्राउंड टाळा, असं माझं मत आहे. केसांच्या आणि कानांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात, हातातला कागद गायब होतो, आणि जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर इतका राबतो की पंखा सुरू होऊन त्याची घरघर माइकमध्ये शिरते. साधी भिंत किंवा आवरलेलं कपाट पुरे. फारच पसारा असेल तर सौम्य धूसर करण्याचा पर्याय घ्या. बारीक रेघांचा शर्ट नको, तो पडद्यावर लहरतो. लॅपटॉपला चार्जर जोडलेला असू द्या. बॅटरीवर बरेच लॅपटॉप स्वतःची गती कमी करतात.

कॉलच्या आधीचा तास

अॅप तासभर आधी एकदा उघडा. अपडेट यायचं असेल तर ते नेमकं कॉल सुरू करताना येतं. कॅमेरा दिसत नसेल तर दोन गोष्टी बघा: दुसरं कुठलं अॅप तो धरून बसलंय का, आणि विंडोजच्या किंवा मॅकच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये या अॅपला परवानगी आहे का. लॅपटॉपवर कॅमेऱ्याची सरकती झडप असेल तर आधी ती. मॅकवर स्क्रीन शेअरसाठी स्क्रीन रेकॉर्डिंगची वेगळी परवानगी लागते, आणि ती दिल्यावर अॅप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. भर मीटिंगमध्ये हे कळलं तर पंधरा जणांसमोरून उठून जावं लागतं. म्हणून शेअरची चाचणी आदल्या दिवशी.

आमंत्रणात वेळेसोबत टाइम झोन, लिंक, अंदाजे किती मिनिटं, कोणते दोन-तीन निर्णय घ्यायचे ते, आणि लिंक चालली नाही तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, एवढं लिहा. मोफत खात्यांना वेळेची मर्यादा असते: झूमवर ४० मिनिटं, गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटं. ग्राहकाशी बोलणं ३९व्या मिनिटाला रंगात आलं आणि तुटलं, हे शोभत नाही. नावाच्या जागी ‘आयफोन’ किंवा मुलाचं नाव येत असेल तर बदला. अनोळखी लोक येणार असतील तर वेटिंग रूम (तुम्ही आत घेईपर्यंत लोकांना बाहेर थांबवणारी सोय) चालू ठेवा, आणि स्वतःची कायमची मीटिंग-लिंक कुठेही जाहीर टाकू नका.

स्क्रीन शेअर

संपूर्ण स्क्रीन दाखवू नका, एकच खिडकी दाखवा. सूचना बंद ठेवण्याची सेटिंग लावा, तरीही. अक्षरं १२५ ते १५० टक्के मोठी करा. बघणारा कदाचित फोनवर आहे. व्हिडिओ दाखवायचा असेल तर शेअर करतानाच आवाज पाठवण्याची खूण करावी लागते, ती राहिली की चित्र मूकपट होतं. मीटमध्ये व्हिडिओ असलेला ब्राउझरचा टॅबच शेअर करायचा. पान बदललं की तीन सेकंद थांबा, पलीकडे चित्र उशिरा स्वच्छ होतं. ‘हे बघा इथे’ म्हणून माउस गरागरा फिरवण्यापेक्षा ‘तिसरी ओळ, उजवीकडचा आकडा’ असं बोला. काही जण तेव्हा गाडीत असतात, फक्त ऐकत असतात.

बोलताना

‘कुणाला काही विचारायचंय?’ याला व्हिडिओ कॉलवर उत्तर येत नाही. प्रत्यक्षात कुणी पुढे सरकतं, श्वास घेतं, ते दिसतं, इथे नाही. नाव घेऊन विचारा, आणि नाव वाक्याच्या सुरुवातीला घ्या: ‘मीनाताई, वेळापत्रकातला दुसरा टप्पा तुम्हाला जमेल का?’ नाव शेवटी आलं तर बिचारीने प्रश्न ऐकलाच नसतो आणि तिला म्यूट काढायलाही वेळ मिळत नाही. म्यूटची कळ हाताशी बसवा: मीटवर कंट्रोल-डी, टीम्सवर कंट्रोल-शिफ्ट-एम, झूमवर ऑल्ट-ए, हे विंडोजचं झालं. झूममध्ये म्यूट असताना स्पेसबार दाबून धरला तर तेवढ्यापुरता आवाज सुरू होतो.

अर्धे लोक एका खोलीत आणि अर्धे दूर, हा सगळ्यात अवघड प्रकार. खोलीतले आपसात बोलतात, हसतात, आणि दूरचे पाहुण्यासारखे बसतात. खोलीतल्या एकाकडे फक्त दूरच्यांची जबाबदारी द्या. चॅट बघणं, हात वर झाला की मध्ये थांबवणं, फळ्यावर काय लिहिलं ते सांगणं, एवढंच त्याने करायचं. रेकॉर्डिंग किंवा टिपणं घेणारा एआय लावणार असाल तर आधी सगळ्यांना विचारून घ्या. नंतर सांगणं म्हणजे विचारणं नव्हे.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि ठरलेलं मोठ्याने वाचा: कोण, काय, कधीपर्यंत. तेच त्या दिवशीच लिहून पाठवा.

चालू कॉल बिघडला तर

तुमचा आवाज तुटायला लागला तर आधी स्वतःचा कॅमेरा बंद करा आणि सांगा: ‘नेट अडखळतंय, चित्र बंद करतोय.’ सुधारलं नाही तर सगळ्यांचे चौकोन दाखवणारं दृश्य बदलून फक्त बोलणाऱ्याचं चित्र ठेवा, येणारा डेटा कमी होतो. तरीही नाही, तर बाहेर पडून हॉटस्पॉटवरून परत या. तेही जमत नसेल तर आमंत्रणातल्या क्रमांकावर साधा फोन लावा आणि दाखवायची फाइल ईमेलने पाठवून बोला. हे सगळं दोन मिनिटांत झालं पाहिजे. दहा मिनिटं ‘आता ऐकू येतंय का?’ विचारत बसण्यापेक्षा दुसरी वेळ ठरवलेली बरी.

निरोप घेतल्यावर लगेच खुर्चीत मागे रेलून सुस्कारा सोडू नका. बाहेर पडण्याचं बटण दाबल्यावर काही अॅप ‘नक्की?’ असं पुन्हा विचारतात, आणि त्या खिडकीला उत्तर देईपर्यंत माइक चालूच असतो. कॅमेऱ्याशेजारचा छोटा दिवा विझलेला बघा, मग बोला.